कीबोर्डवरचं प्ले बटण नेमकं ऐकतं कुणाचं?

पेटीवाली

मंडळी, प्रश्न साधाच आहे, पण महिनाभर डोकं खातोय.

वडिलांच्या ६० कॅसेट मी गेल्या पावसाळ्यात संगणकावर उतरवून घेतल्या. बहुतेक घरगुती बैठका. मधेच कपबशा वाजतात, कुणीतरी खोकतं, ते सगळं तसंच ठेवलंय. आता त्या फूबार २००० या गाणी वाजवायच्या प्रोग्राममध्ये लावते आणि ऐकत ऐकत लिब्रेऑफिस रायटरमध्ये नोटेशन, म्हणजे स्वरलिपी, लिहिते, भातखंडे पद्धतीने. कोमल स्वराखालची रेघ कंट्रोल+यूने पटकन येते, तो एक आनंद. पण दर दोन मात्रांनी थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा ऐकायचं. प्रत्येक वेळी माउस धरून फूबारच्या खिडकीत गेलं की ऐकलेली तान डोक्यातून जाते.

म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून जुना कीबोर्ड आणला, वरच्या ओळीत प्ले, पुढे, मागे अशी वेगळी बटणं असलेला. पहिले दोन दिवस मस्त चाललं. मग एकदा प्ले दाबलं तर फूबार ढिम्म, आणि ब्राउझरच्या कुठल्याशा टॅबमधून पुरणपोळीची कृती सुरू! तेव्हापासून कधी फूबार ऐकतो, कधी ब्राउझर. विंडोज १० आहे. कीबोर्ड बिघडलाय का?

चहाबाज

मोबाइलवर ऐका, संगणकावर लिहा. प्रश्न मिटला.

पेटीवाली

चहाबाज, एका हाताने मोबाइल आणि एका हाताने टायपिंग करून पाहिलंय. एका हाताने पेटी वाजवल्यासारखं होतं. भाता कोण मारणार?

शून्य_एक

ताई, कीबोर्ड ठणठणीत आहे. ते बटण फक्त ‘प्ले/पॉज’ एवढाच संदेश पाठवतं. कुणासाठी, हे त्याला ठाऊकच नसतं. ते ठरवतं विंडोज, आणि साधारणपणे ज्याने शेवटचा आवाज केला त्याच्याकडे संदेश देतं. तुम्ही पुरणपोळीचा व्हिडिओ अर्धवट थांबवून टॅब उघडा ठेवलात ना? तो थांबलेला असला तरी रांगेत उभाच असतो.

खात्री करायची असेल तर आवाज कमी-जास्त करायचं बटण दाबा. विंडोज १० मध्ये डावीकडे वर आवाजाच्या पट्टीशेजारी एक चौकोन येतो, त्यात गाण्याचं किंवा व्हिडिओचं नाव असतं. ते नाव ज्याचं, बटण बहुतेक त्याचंच.

उपाय ब्राउझरला या भानगडीतून बाहेर काढण्याचा. क्रोममध्ये ही सोय २०१९ मध्ये, ७३व्या आवृत्तीत आली. पत्त्याच्या जागी क्रोम://फ्लॅग्ज टाइप करा (अर्थात रोमन अक्षरांत), ‘हार्डवेअर मीडिया की हँडलिंग’ शोधा, डिसेबल्ड करा आणि ब्राउझर पुन्हा सुरू करा. फायरफॉक्स असेल तर अबाउट:कॉन्फिगमध्ये जाऊन ‘मीडिया.हार्डवेअरमीडियाकीज.एनेबल्ड’ला फॉल्स करा.

आता खरी गंमत. तुम्हाला प्ले बटणापेक्षा ‘पाच सेकंद मागे’ची गरज जास्त आहे, आणि ते फूबारमध्ये आहेच. प्रेफरन्सेसमध्ये कीबोर्ड शॉर्टकट्सचं पान उघडा, नवीन नोंद घाला, आज्ञांच्या यादीत प्लेबॅकखाली सीक आणि त्यात ‘बॅक बाय ५ सेकंड्स’ निवडा. बटण म्हणून कंट्रोल+ऑल्ट+डावा बाण द्या आणि ‘ग्लोबल हॉटकी’ची चौकट टिक करा. ती टिक विसरलात तर फूबारची खिडकी समोर असतानाच बटण चालेल, म्हणजे मूळ पदावर.

डेबियनवाला

लिनक्सवर कुणी हा धागा वाचत असेल तर: प्लेअरसीटीएल (प्लेअरला आज्ञा देणारा छोटा प्रोग्राम) बसवा, आणि डेस्कटॉपच्या शॉर्टकटमध्ये प्ले बटणाला नुसतं ‘प्ले-पॉज’ न देता प्लेअरचं नाव घालून आज्ञा द्या. मग ब्राउझर कितीही बोंबलला तरी बटण तुमच्या प्लेअरलाच जातं, माझ्याकडे व्हीएलसीला. अट एवढीच की प्लेअरला एमप्रिस, म्हणजे बाहेरून आज्ञा घ्यायची लिनक्सवरची ठरलेली पद्धत, कळली पाहिजे. व्हीएलसीला कळते.

पेटीवाली

शून्य_एक, ब्राउझरचं काम फत्ते! आता प्ले दाबलं की फूबारच.

पण ते कंट्रोल+ऑल्ट+डावा बाण... दाबला आणि अख्खा स्क्रीन आडवा झाला हो. मान वाकडी करून बसले होते. मुलगा म्हणाला, ‘आई, हा काय नवीन राग?’

शून्य_एक

अरे देवा, माफ करा. काही जुन्या ग्राफिक ड्रायव्हरांत त्याच बटणांनी स्क्रीन फिरतो, माझ्या लक्षातच आलं नाही. कंट्रोल+ऑल्ट+वरचा बाण दाबा, सरळ होईल. मग फूबारला दुसरं बटण द्या. एखादं एकटं एफचं बटण दिलंत तरी चालेल, फक्त ते बटण ग्लोबल केल्यावर बाकी सगळ्या प्रोग्रामांतून जातं हे लक्षात ठेवा. एफ५ देऊ नका, ब्राउझर रिफ्रेश करताना तान मागे जाईल.

पेटीवाली

स्क्रीन सरळ, मान सरळ. एफ९ दिलंय, रायटरमध्ये मला ते कधी लागत नाही. काल रात्री एका यमनचा अख्खा अंतरा लिहून झाला, एरवी तेवढ्याला तीन संध्याकाळी जायच्या. एफ९ बहुधा दोनशे वेळा दाबलं असेल. अंधारात चुकून शेजारचं दाबलं जायचं, म्हणून त्यावर टिकली चिकटवलीय.

तीव्र मध्यमावरची उभी रेघ रायटरमध्ये नीट कशी काढायची हे कुणाला माहीत असेल तर सांगा. सध्या छापून घेऊन पेनाने मारते.