प्रति: सीजीपीए गुणिले ९.५?

वर कोणीतरी टक्के काढायला सीजीपीएला (सगळ्या सत्रांच्या ग्रेड गुणांची १० पैकी सरासरी) सरळ ९.५ ने गुणायला सांगितलंय. कृपया तसं करू नका, तो सीबीएसई दहावीचा जुना हिशेब. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के, ७.२५ म्हणजे ६५. पण विद्यापीठाचं स्वतःचं सूत्र असेल तर तेच धरायचं. बहुधा गुणपत्रिकेच्या मागेच छापलेलं असतं, बघतं कोण!

आणि सरासरी काढताना क्रेडिट, म्हणजे त्या विषयाचं वजन, विसरू नका. ४ क्रेडिटच्या गणितात बी (६ गुण) आणि १ क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला ओ (१०) मिळाला, तर सरासरी ८ नाही येत. २४ अधिक १०, भागिले ५, म्हणजे ६.८. प्रॅक्टिकलचे ओ मिरवणाऱ्यांचा पॉइंटर (सरासरी) इथेच आपटतो.