नवं गाणं सुचवताना नुसती लिंक पुरे, की दोन ओळीही हव्यात?

सावंतवाडीची

आपल्या या गटात चिपळूणपासून मडगावपर्यंतची माणसं आहेत आणि गाण्यांचं वेड सगळ्यांना सारखंच आहे. गणपतीत चाकरमानी घरी आले की इथे सुचवलेली अर्धी गाणी या फोनातून त्या फोनात जातात. पण अलीकडे इथे नुसत्या लिंका पडतात. गायक कोण, भाषा कुठली, काहीच नाही. खाली फार तर 'भन्नाट' किंवा 'अंगावर काटा'. काटा कुठे आला तेवढं तरी सांगा की!

माझं म्हणणं सरळ आहे. गाणं सुचवणाऱ्याने दोन ओळी लिहायलाच हव्यात. स्वतःच लिहून, स्वतःच चाल लावून गाणाऱ्यांच्या बाबतीत तर नक्कीच, कारण तिथे शब्द निसटले की गाणंच निसटतं. ट्रेसी चॅपमनचं 'फास्ट कार' घ्या. गाणं 1988 चं, पण मला आत्ता सापडलं, म्हणजे माझ्यासाठी नवंच. मैत्रिणीने पाठवताना लिहिलं होतं, "गिटारचा तोच तुकडा फिरत राहतो, ड्रम्स धृवपदाला उसळून येतात, तिथे लक्ष दे. आणि बापाबद्दल काय म्हणते ते ऐक." त्यामुळे मी थांबून ऐकलं. दारूच्या नादी लागलेल्या बापाला सांभाळायला शाळा सोडलेली मुलगी, गाडीत बसून शहरात निघालेली, आणि ज्याच्या भरवशावर निघाली तोही शेवटी बारमध्येच रमतो. मुंबईला गेलं की सगळं बदलेल म्हणून एसटीत बसलेल्या किती जणी आपल्या वाडीत आहेत! त्या दोन ओळी नसत्या तर इंग्रजी उच्चारांच्या गर्दीत हे माझ्या हाती लागलं नसतं.

कुडाळचा पखवाजी

माका ह्यां पटणा नाय.

ताई, तुम्ही आत्ताच गाण्याचा शेवट सांगून टाकलात. ज्याने ते ऐकलं नाही त्याला आता 'तोही बारमध्ये रमतो' हे माहीत असूनच ऐकावं लागणार. पहिलं ऐकणं एकदाच मिळतं, ते तुम्ही त्याच्याकडून काढून घेतलंत.

मी डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, पखवाज वाजवतो. बुवा नवी चाल घेऊन येतो तेव्हा आधी उभं राहून 'ही अमक्या सिनेमातली' असं सांगत नाही. तो पहिली ओळ टाकतो, मी ठेका पकडतो, झांजवाले मागून येतात. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांनाही चाल ओळखीची की कोरी ते दुसऱ्या आवर्तनापर्यंत कळलेलं असतं. कानाला एवढी अक्कल असते, त्याच्यावर विश्वास ठेवा.

इंग्लंडचा गायक निक ड्रेक, त्याचं उदाहरण देतो. 'पिंक मून' हा अल्बम 1972 चा, जेमतेम 28 मिनिटांचा. आवाज आणि गिटार, आणि शीर्षकगीतात थोडा पियानो, बस्स. ड्रेक 1974 मध्ये 26 व्या वर्षी गेला. आता जो कोणी हा अल्बम सुचवतो तो आधी मृत्यू सांगतो, आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक सुरात दुःखच ऐकू येतं. त्याच्या गिटारीत किती ताकद आहे, बोटं तारांवर किती स्वच्छ पडतात, इकडे कोणाचं लक्ष जात नाही.

दापोलीकर

दादांना माझा पाठिंबा. एक दाखलाही देतो. 2019 च्या अखेरीस ओबामांनी आवडत्या गाण्यांची यादी टाकली, त्यात आपल्या प्रतीक कुहाडचं 'कोल्ड मेस' होतं. यादीत काय होतं? गाण्याचं नाव आणि गायकाचं नाव. स्पष्टीकरण शून्य. तरी ते गाणं त्यानंतर कुठल्या कुठे पोचलं.

सावंतवाडीची

दापोलीकर, ओबामांची यादी चालते कारण ती ओबामांची आहे. तिथे नाव हीच शिफारस. तुमच्या-माझ्या नावाला ते वजन नाही, म्हणून आपल्याला कारण द्यावं लागतं.

आणि दादा, डबलबारीत बुवा समोर बसलेला असतो. माणसं रात्र काढायच्या तयारीने आलेली असतात. चाल नवी वाटली म्हणून कोणी पहिल्या ओळीला उठून जात नाही. फोनवर मात्र अंगठा दहाव्या सेकंदाला पुढे सरकतो. संथ सुरू होणाऱ्या गाण्याला तिथे वाली कोण? दोन ओळी वाचल्या असतील तर माणूस निदान धृवपदापर्यंत तरी थांबतो.

पणजीहून

अंगठ्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, त्यावर अजून बोलायला हवं. स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद वाजलं की ते ऐकलं असं मोजतात. 2024 पासून ज्या गाण्याला आधीच्या 12 महिन्यांत 1,000 वेळाही ऐकलं गेलं नाही, त्याच्या वाट्याला रेकॉर्डिंगचा मोबदला येत नाही. घरच्या खोलीत गाणं करणाऱ्या पोरासाठी ही मोठी भिंत आहे. दर सोमवारी 30 गाण्यांची आयती यादी 2015 पासून मशीन देतंच आहे. पण तुम्ही आधी जे ऐकलं त्याच्याच आसपास ते फिरतं. त्याला 'बापाबद्दल काय म्हणते ते ऐक' असं म्हणता येत नाही. ते माणसानेच म्हणायचं.

आमच्या गोव्यातलंच बघा. रेमो फर्नांडिसने 1984 मध्ये 'गोअन क्रेझी' हा अल्बम घरीच रेकॉर्ड केला आणि स्कूटरवर कॅसेट घालून दुकानादुकानांत स्वतः पोचवला. पाठीशी कंपनी नसलेलं गाणं असंच पुढे सरकतं, कोणीतरी ते हातात घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहतं म्हणून. लिंक नुसती भिरकावणं म्हणजे कॅसेट दाराबाहेर ठेवून निघून जाणं.

कुडाळचा पखवाजी

पैशाचा मुद्दा मान्य, त्याबद्दल मला खरंच कळवळा आहे. पण मग गाणं पूर्ण ऐकायला सांगा, अर्थ कशाला सांगता? कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्यात साडेसहा किलोमीटर रेंज नसते. मी गाडीत बसायच्या आधी अनोळखी गाणी डाउनलोड करून ठेवतो, नावंसुद्धा न वाचता. बोगद्यात दुसरं काही उघडत नाही, मग गाणं आहे तसं पूर्ण ऐकलं जातं. ज्या गाण्यांना मी घरी दहा सेकंदांत हाकललं असतं, त्यातली काही आज माझ्याकडे कायमची आहेत. कोणाच्या दोन ओळींनी ती मला दिली नाहीत.

गुहागरचा

इतका वेळ वाचत होतो, पण एक गोष्ट राहून जातेय. आमच्याकडच्या शक्ती-तुऱ्यात, म्हणजे दोन पक्षांच्या सवाल-जवाबी गाण्यात, शाहीर स्वतः लिहितो, स्वतः गातो. म्हणजे सिंगर-साँगरायटर आपल्याला परका नाहीच. आणि तो शाहीर गुरूचं नाव घेतो, शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. गाणं कोणाचं हे सांगणं आपल्या रीतीतच आहे. तेव्हा बाकी काही लिहा न लिहा, लिहिणाऱ्याचं नाव टाका. कॉनी कॉन्व्हर्सने 1950 च्या दशकात स्वतःची गाणी रेकॉर्ड केली आणि 1974 मध्ये ती घर सोडून निघून गेली, पुन्हा सापडली नाही. अल्बम आला 2009 मध्ये. कोणीतरी टेप आणि त्यावरचं नाव दोन्ही जपलं, म्हणून ती आज आपल्याला ऐकता येते.

दापोलीकर

शाहीर मेळ्यासमोर, प्रतिपक्षाला उत्तर म्हणून गातो. ही मंडळी एकट्याने, स्वतःशी बोलल्यासारखी गातात. दोन्ही एकाच मापाने मोजू नका. नावाचं मात्र पटलं.

सावंतवाडीची

नाव, वर्ष, भाषा यावर कोणाचाच वाद उरला नाही, म्हणजे तेवढं तरी आजपासून लिहूया. शेवट फोडणार नाही, हेही कबूल. पण 'इथे कान दे' हे मी लिहिणारच. ते लिहिलं नाही तर मी गाणं पाठवलं काय आणि मशीनने पाठवलं काय, सारखंच.

कुडाळचा पखवाजी

लिहा, पण लिंकच्या वर नको, खाली. ज्याला आधी गाणं हवंय तो वरचं दाबेल, ज्याला आधार हवाय तो खाली वाचेल. आणि मी पाठवलेल्या गाण्यांखाली काही नसेल, फक्त नाव. ऐकून झाल्यावर मला विचारा, मग रात्रभर बोलू.