‘थेरडी’ ही शिवीच का?

रिकामटेकडी:
शाळेपासूनच्या एका मैत्रिणीची साठी झाली म्हणून तिच्यावर पानभर लिहिलं, त्यात एक वाक्य होतं, "आता आम्ही दोघी थेरड्या झालो पण पुस्तकांवरून भांडायची खोड काही गेली नाही." मैत्रीण वाचून हसली, पण तिची सून म्हणाली की काकू तेवढा शब्द काढा, शिवी आहे ती. आता माझी आई तर तिच्या मैत्रिणींना तोंडावर म्हणायची, "काय गं थेरडे, होतीस कुठे इतके दिवस?" आणि त्याही तिला तेच ऐकवायच्या, कुणाला राग आलेला मी तरी पाहिला नाही. तर हा शब्द लाडाने वापरलेला आणखी कुणी ऐकलाय का? आणि काढायचाच झाला तर त्या जागी काय घालू? ‘वृद्धा’ नको, आणि ‘ज्येष्ठ’ तर अजिबात नको, फॉर्म भरल्यासारखं वाटतं.

शुद्धमती:
शिवीच आहे. घरात चार भिंतींच्या आत कोण कोणाला काय म्हणतं तो वेगळा भाग, लिहिताना तारतम्य हवं. ‘वयस्क’ लिहा, सभ्य आहे आणि अर्थही पोचतो.

उगाच_एक:
वयस्क हिंदीत, अठरा वर्षांचा झाला की. आपल्याकडे वयस्कर.

शुद्धमती:
‘वयस्क’ संस्कृत आहे हो, मध्यमवयस्क म्हणतोच ना आपण. हिंदीने उचलला म्हणून आपण टाकायचा का?

पानखूण:
मी ‘पोक्त’ लिहिलं असतं. पण मग लक्षात आलं की पोक्त बहुतेक वेळा सल्ल्याला किंवा पुरुषाला लागतं, बाईला लागलं की आपोआप ‘पोक्त दिसते’ होतं, म्हणजे अक्कल राहिली बाजूला आणि चेहरा आला मध्ये. ‘थोराड’चंही तेच, मुलीच्या बांध्याबद्दलच ऐकलंय जास्त. आणि ‘घोडनवरी’ला तर जोडीचा ‘घोडनवरा’ कधी कानावर आला नाही.

कोशकिडा:
पोक्त म्हणजे फारसी पुख्ता, पिकलेलं, शिजलेलं. तेव्हा शुद्धमतींना तोही चालणार नाही :)

मूळ शब्दाकडे येतो. थेरडी = थेर + डी, आणि थेर म्हणजे संस्कृत स्थविर, पालीत थेर. म्हणजे बौद्ध संघात ज्या शब्दाने मान द्यायचे तोच हा. थेरीगाथा म्हणजे भिक्षुणींच्या 73 कवितांचा संग्रह, त्यातल्या सगळ्या जणी ‘थेरी’. आपण शेपटी लावली आणि शिवी केली. म्हातारीचंही तसंच काहीसं झालंय, महत्तर पासून म्हातारा, म्हणजे मुळात मोठा, गावातला मान असलेला.

आडवाट:
थांबा जरा, थेरी म्हणजे वयाने म्हातारी असं नाही. थेर ही संघातली ज्येष्ठता आहे, उपसंपदा, म्हणजे संघाची पूर्ण दीक्षा, घेऊन 10 वर्षं झाली की थेर, 20 झाली की महाथेर. विशीत उपसंपदा घेतली तर तिशीतच थेर होता येतं. तेव्हा ‘म्हातारीचा सन्मान’ वगैरे गोड गोड काढू नका त्यातून.

कोशकिडा:
संघातला अर्थ मान्य, पण मुळात ‘स्था’ धातू आहे ना, स्थविर म्हणजे टिकलेला, आणि संस्कृतात तो सरळ म्हाताऱ्याला वापरतातच. संघाने तो नंतर वर्षं मोजायला घेतला.

पानखूण:
आणि त्यात म्हातारपण नाही कसं? अंबपालीची गाथा वाचा. वैशालीची गणिका, उतारवयात एकेक अवयव घेऊन सांगते, केस भुंग्यासारखे काळे होते, टोकाला कुरळे, आता जरेमुळे सणाच्या वाखासारखे झालेत. मग भुवया, डोळे, नाक, कान, दात, थेट पायापर्यंत. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच, सत्य बोलणाऱ्याचं वचन खोटं ठरत नाही. मी हे तिशीत वाचलं तेव्हा बाई किती कडवट आहे असं वाटलेलं. आता आरशासमोर उभी राहून वाचते तर कडवट कुठेच नाही, हिशोब लिहिलाय नुसता, रडगाणं नाही आणि सांत्वनही नाही. माझ्या वयाच्या मैत्रिणींत हे असं कोणी बोलत नाही. एक तर गुडघ्यांचं पुराण किंवा मग ‘वय हा फक्त आकडा आहे’. दोन्हीचा कंटाळा आलाय.

चष्मेवाली:
मला थेरीगाथेतली मुत्ता नावाची थेरी जास्त आवडते. तीन वाकड्या गोष्टींतून सुटले म्हणते, उखळ, मुसळ आणि वाकडा नवरा!!

उगाच_एक:
हा हा हा. नवऱ्याला वाचून दाखवतो, म्हणजे मी नवराच आहे, बायकोला दाखवत नाही.

कोशकिडा:
आणि त्यातले पाली शब्द बघा, उदुक्खल, मुसल, खुज्ज. उखळ आणि मुसळ तसेच राहिले, खुज्जचा मात्र आपल्याकडे ‘खुजा’ झाला. मूळ कुब्ज, म्हणजे पाठीत वाकलेला. आपला खुजा बुटका आहे, वाकलेला नाही. शब्द चालताना कुठेतरी कण्यातून सरळ झाला आणि उंचीत मार खाल्ला.

शुद्धमती:
हे सगळं रंजक आहे पण मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. थेरी पूज्य होती म्हणून थेरडी सभ्य ठरत नाही. शब्दाचा अर्थ आज काय आहे तो बघायचा, त्याचा आजा कोण होता ते नाही.

आडवाट:
अरे वा, म्हणजे ‘वयस्क’ला संस्कृत आजा चालतो आणि थेरडीला नाही?

रिकामटेकडी:
एक सांगते, मग ठरवा. आईला शेवटी मोतीबिंदूमुळे वाचता येईना तेव्हा तिची मैत्रीण दुपारची येऊन तिला कादंबरी वाचून दाखवायची. कुणी मरायचा प्रसंग आला की मावशी हळूच पानं गाळायच्या, आईला त्रास नको म्हणून. आई डोळे मिटून पडलेली असायची, आम्हाला वाटायचं झोपली. पान गाळलं रे गाळलं की पडल्या पडल्या म्हणायची, "थेरडे, मागे जा." मावशी निमूट मागे जायच्या. या जागी मला ‘वयस्कर मैत्रिणी, मागे जा’ लिहून दाखवा कुणीतरी.

शुद्धमती:
तिथे चालेल. संबोधन आहे ते. तुमच्या वाक्यात ‘थेरड्या झालो’ हे वर्णन आहे, फरक आहे दोन्हींत.

चष्मेवाली:
मुद्दा बरोबर आहे यांचा, ‘ए बावळट’ आणि ‘ती बावळट आहे’ यात फरक असतोच. पण तिने स्वतःलाही धरलंय ना त्यात, ‘आम्ही दोघी’. सुनेने म्हटलं असतं तर शिवी, त्या दोघींनी एकमेकींना म्हटलं तर नाही. कोशात हे कुठे छापणार, कोण कोणाला म्हणतंय ते.

कोशकिडा:
‘डा/डी’ नेहमी तुच्छतेचा नसतोही. अपभ्रंश भाषेत हिअडा म्हणजे हृदय, जैन पंडित हेमचंद्राच्या व्याकरणातल्या दोह्यांत येतो, तिथे तो जिव्हाळ्याचाच आहे. आपल्याकडे बापडा बघा, त्यात कीव आहे, तिरस्कार नाही.

आडवाट:
आणि म्हातारडा? त्यात कुठला जिव्हाळा?

उगाच_एक:
अवांतर: मग ‘नसते थेर’ मधले थेर पण हेच का? म्हातारपणी सुचतात म्हणून थेर, असं आमचे आजोबा सांगायचे.

कोशकिडा:
आजोबांची व्युत्पत्ती गोड आहे पण पटत नाही. थेर तरुणांचेच जास्त असतात.

पानखूण:
म्हातारपणीचे थेर मी सुरू केलेत, हार्मोनियम शिकतेय. घरचे नेमका हाच शब्द वापरतात.

उगाच_एक:
‘एक थेर’ असं कुणी म्हणतं का पण? मी तरी कायम अनेकवचनातच ऐकलेत.

शुद्धमती:
चाळे, थेर, नखरे, सगळे अनेकवचनातच. नखरा एकटा चालतो मात्र.

चष्मेवाली:
चाळाही चालतो की, ‘हाताला चाळा’. थेरच तेवढा अडतो.