चर्चा: क्रशर टोपीला पुन्हा आकार द्यावा का?

जुनी_वर्दी
दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आर्मी एअर फोर्सेसमधल्या अधिकाऱ्यांना टोपीच्या घेरातलं तारेचं कडं काढायची मुभा होती, कारण कडं असलं की वरून हेडफोन बसत नाहीत. हीच ती क्रशर. आता अशी टोपी संग्राहकाच्या हाती आली की तिला वाफ द्यायची, नवं कडं घालायचं, व्हायझरला (टोपीच्या पुढच्या चामडी छज्जाला) तेल चोपडायचं, हे प्रकार सर्रास चालतात. माझा याला ठाम विरोध आहे. दोन्ही बाजूंना लोंबलेली कड, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत गेलेला दाब, हेडफोनची पट्टी घासून तुळतुळीत झालेली लोकर, हे सगळं वाफेच्या एका फटक्यात पुसट होतं. मग उरते ती फक्त जुन्या कापडाची टोपी.

पितळी_गरुड
चेपलेपणाला एवढं वजन देणं पटत नाही. बी-१७ बॉम्बफेकी विमानात १०,००० फुटांच्या वर ऑक्सिजन मास्क लागायचा आणि मास्क अडकवायला फ्लाइंग हेल्मेट. म्हणजे खऱ्या मोहिमेत बराच वेळ ही टोपी डोक्यावर नसायचीच. कधीही विमान न चालवलेल्या अधिकाऱ्यांनीही ऐटीसाठी कडी काढली. बँक्रॉफ्ट कंपनीची 'फ्लायटर' ही टोपी तर मुळातच मऊ व्हायझरची, गुंडाळून ठेवता येणारी. तिच्या घडीवरून काय सिद्ध करणार? उलट, घडी तशीच दाबून ठेवली तर धारेवरचे तंतू झिजून तुटतात. टोपी टिकवायची तर तिला उभं करायलाच हवं.

जुनी_वर्दी
विमान उडवलं की नाही हे घडी सांगत नाही, हे मान्य. पण टोपी कशी वापरली गेली हे ती नक्की सांगते. आणि आधार देणं वेगळं, आकार देणं वेगळं. आधारासाठी अॅसिड-फ्री टिश्यूचे सैल बोळे पुरतात. लोकरीसाठी अनबफर्डच (अल्कली न मिसळलेलाच) घ्या, बफर्ड कागदातला अल्कली लोकरीला मानवत नाही. बोळे घडीच्या खाली फक्त टेकतील इतकेच भरायचे. कापड ताणलं गेलं म्हणजे जास्त झालं. टोपी आतून पेलणारा स्टँड असा घ्या की व्हायझरवर वजन येणार नाही.

कसर_नको
कड्यावर वाद घालताय, पण टोपीचा खरा घात तेल करतं. नीट्सफूट तेलाने (गुरांच्या पायांपासून काढलेल्या, चामड्याला लावायच्या तेलाने) तपकिरी व्हायझर काळवंडतो, तेल शिलाईत उतरतं, त्यावर धूळ बसते. तेल व्हायझरवरच्या चामडी पट्ट्याच्या बटणांपर्यंत पोचलं की चरबीतली आम्लं पितळाशी मिळून हिरवा, मेणचट कळंक धरतो. तो टाचणीने खरवडू नका, सोन्याचा मुलामा निघतो. बटणामागे मायलारचा (पातळ प्लास्टिक फिल्मचा) तुकडा सरकवून चामडं झाका आणि लाकडी टूथपिकने कळंक हलकेच उचला. ब्रासो पॉलिश तर लांबच ठेवा, त्याची पांढरी भुकटी बटणावरच्या गरुडाच्या पिसांत कायमची बसते.

पितळी_गरुड
तेलाबद्दल पूर्ण सहमत. पण "जशी मिळाली तशी ठेवा" हे मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कसं जमणार? आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की स्वेटबँडवर (टोपीच्या आतल्या घाम टिपणाऱ्या पट्टीवर) बुरशी येते. कपाटात डांबराच्या गोळ्या टाकणाऱ्यांनीही थांबावं: अस्तरावरचा पारदर्शक तुकडा जुन्या प्लास्टिकचा असतो आणि त्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ, चिकट होतात.

कसर_नको
कसर लागल्याची शंका आली तर पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी थेट लोकरीवर धरतं. गारठलेलं प्लास्टिक ठिसूळ असतं, तेव्हा तोवर टोपी दाबायचीही नाही. नंतर व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून, कमीत कमी ओढीवर, शिवणींतली अंडी काढायची. ही स्वच्छता हवीच. ड्राय क्लीनिंग मात्र नको, त्यात घामाच्या खुणा आणि आतली शाई दोन्ही जातात.

टाका_टाका
शाईवरूनच बोलतो. वैमानिकाची म्हणून जादा किंमत मोजायची तर घडी बघू नका, स्वेटबँड उलटा. आडनावाचं आद्याक्षर आणि सेवाक्रमांकाचे शेवटचे चार अंक, हा धोब्याचा शिक्का तिथे सापडतो. पूर्ण क्रमांक मिळालाच तर त्याच्या आधीचं अक्षर बघा: ओ म्हणजे अधिकारी, टी म्हणजे फ्लाइट ऑफिसर (वॉरंट ऑफिसरच्या तोडीचा हुद्दा). तरीही प्रत्येकाची सेवेची फाइल मिळेल असं नाही. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या लष्करी नोंदींच्या केंद्राला १९७३ मध्ये लागलेल्या आगीत १९१२ ते १९५९ दरम्यान सैन्यातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के फाइली जळाल्या. मोहिमेवरून विमान परतलं नसेल तर बेपत्ता कर्मचाऱ्यांचे अहवाल वेगळे आहेत, ते शोधा.

पितळी_गरुड
अतिनील दिवाही वापरा. शिलाईचा दोरा निळसर-पांढरा चमकला तर युद्धोत्तर पॉलिएस्टर असण्याची दाट शक्यता.

टाका_टाका
एकट्या दिव्यावर निकाल देऊ नका. आधुनिक डिटर्जंटमध्ये धुतलेली अस्सल टोपीही चमकते. शिवणीच्या आतल्या मोकळ्या कडेचा एक धागा जाळून बघा: लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि राख चुरगळते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

जुनी_वर्दी
मणी झाला तर टोपी नाकारा, बरोबर. पण राख चुरगळली म्हणून १९४४ ची ठरत नाही, लोकरीच्या टोप्या नंतरही शिवल्या गेल्या. आणि ही चाचणी विकणाऱ्याला विचारून करा, धागा त्याचा आहे.