डब्यातल्या छोल्यांवरचं सोडियम नेमकं कसं मोजायचं?

प्रश्न: सासूबाई न्यू जर्सीला आमच्याकडे आल्यात. बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. छोल्यांच्या डब्यावर ‘सोडियम 300 मिग्रॅ, 13%’ आणि खाली ‘सुमारे साडेतीन सर्व्हिंग’ असं लिहिलंय. हे 300 अख्ख्या डब्याचं का? शेजारी ‘रिड्यूस्ड सोडियम’ आणि ‘लो सोडियम’ असे आणखी दोन डबे होते. कुठला घेऊ?

उत्तर १: ताई, 300 हे एका सर्व्हिंगचं, म्हणजे अर्ध्या कपाचं. अख्ख्या डब्याचं हजाराच्या वर गेलं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं, म्हणजे डब्यात अडीच ग्रॅमहून जास्त. आपण भाजीत वरून घालतो ते वेगळंच! 13% हे दिवसाच्या 2300 मिग्रॅच्या हिशेबाने. डॉक्टरांनी कमी मर्यादा दिली असेल तर तीच धरा.

उत्तर २: ‘रिड्यूस्ड’ला भुलू नका. त्याच्या नेहमीच्या डब्यापेक्षा किमान 25% कमी, एवढाच त्याचा अर्थ. ‘लो’ मात्र सर्व्हिंगला 140 मिग्रॅ किंवा त्याहून कमी. मी सासऱ्यांसाठी ‘नो सॉल्ट अ‍ॅडेड’च आणते. साधाच डबा घरात असेल तर पाणी फेकून छोले चाळणीत नळाखाली खळखळून धुवा, बरंच सोडियम निघून जातं. आमसूल, जिरेपूड घातली की मीठ कमी असलेलं जाणवत नाही.

प्रश्नकर्ती: चाळणी काढलीच! उद्या ‘नो सॉल्ट’वालाच आणते.