सहकुटुंब अंजनेरी : सासूबाईंना कुठपर्यंत नेता येईल?

प्रश्न – इंदिरानगरकर

नमस्कार. गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी सहकुटुंब अंजनेरीला जावे असे मनात आहे. सोबत ७ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई असतील. सासूबाई सपाटीवर तासभर सहज चालतात, परंतु गुडघेदुखीमुळे पायऱ्या उतरताना त्यांना कोणाच्या तरी हाताचा आधार लागतो. हनुमानाचे जन्मस्थान पाहण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा असल्यामुळे ‘तुम्ही खालीच बसा’ असे सांगणे मला जड जाते. त्यांना कुठपर्यंत नेता येईल? की त्याऐवजी ब्रह्मगिरी सोपा पडेल?

उत्तर – डोंगरवाट

ब्रह्मगिरीचा विचार सोडून द्यावा. तेथील कातळात खोदलेल्या पायऱ्या दुखऱ्या गुडघ्यांची परीक्षा पाहतात. अंजनेरीच निवडावी, मात्र माथ्याचा हट्ट धरू नये. नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने सुमारे २० किलोमीटरवर अंजनेरी गाव लागते आणि गावामागच्या रस्त्याने गाडी बरीच वर नेता येते, त्यामुळे पहिली दमछाक वाचते. तेथून खिंडीतल्या पायऱ्या चढल्या की पठार येते. या खिंडीतच कातळात कोरलेले छोटे जैन लेणे आहे. दम घ्यायला याहून चांगले निमित्त नाही. पठारावर अंजनीमातेचे मंदिर आहे. त्यापुढे तळे, मग सीता गुंफेवरून जाणारी दुसरी चढण आणि माथ्यावरचे मंदिर, हा टप्पा सासूबाईंसाठी नाही.

मी वडिलांना नेले होते तेव्हा चढताना काहीच त्रास झाला नाही, उतरताना मात्र ओल्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर ते एकेक पाऊल आडवे टाकत आणि दोन्ही पाय एका पायरीवर आल्याखेरीज पुढे सरकत नसत. चढण्यापेक्षा उतरायलाच जास्त वेळ लागला. तेवढा वेळ हाताशी ठेवावा आणि खाऊची पिशवी हातात मिरवू नये, माकडे फार धीट आहेत.

उत्तर – रानवेल

वरील सल्ला योग्यच आहे, परंतु पठार ही केवळ मंदिराकडे जाण्याची वाट नव्हे. सेरोपेजिया अंजनेरिका या कंदीलपुष्पाला या डोंगराचेच नाव मिळाले आहे आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते फुलते. कंदीलपुष्पांची रचना मुलाला जरूर सांगावी: नळीतील केस आतल्या बाजूला वळलेले असल्यामुळे शिरलेली माशी तेथेच अडकते, आणि केस सुकले की परागकण घेऊन बाहेर पडते. फूल दिसलेच तर वाकून पाहावे. फोटोसाठी गवतात बैठक मारू नये, कारण पायाखाली त्याचेच कंद असू शकतात.

कड्यांकडेही लक्ष असू द्यावे, तेथे लांब चोचीची गिधाडे राहतात. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे देशभरातील गिधाडे झपाट्याने घटली आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. त्यामुळे कड्याच्या टोकाशी आरडाओरडा नको.

उत्तर – जुना नाशिककर

माझे मत थोडे वेगळे आहे. त्या दिवशी सकाळी पाऊस असेल तर खिंडीच्या पायऱ्याही टाळाव्यात. पायथ्याच्या गावात जुन्या जैन मंदिरांचे अवशेष आहेत आणि जवळच नाण्यांचे संग्रहालय आहे. त्यात अर्धा दिवस छान जातो. धुके उतरले तर पठारावर गेलेल्यांनाही दहा पावलांपुढचे दिसत नाही, मग भिजण्याखेरीज हाती काय लागणार?

इंदिरानगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सगळी उत्तरे सासूबाईंना वाचून दाखवली. ‘पठारावरची अंजनीमाता काय वेगळी आहे का?’ असे म्हणून त्यांनी स्वतःच माथा रद्द केला. पाऊस नसेल तर सकाळी ७ वाजता निघू. मुलगा आणि त्याचे वडील तळ्यापर्यंत जातील, आम्ही दोघी मंदिरापाशी थांबू. पाऊस असेल तर नाणी पाहू. काठी मात्र आजच आणली आहे.