नववी-दहावीत असताना देशाबद्दल काय वाटायचं? अनुभव लिहा

रानजाई
लेक नववीत आहे. शाळेने निबंध दिलाय, '2047 मधील माझा भारत'. स्वातंत्र्याला शंभर वर्षं होतील तेव्हा हा छत्तिशीचा असेल. काल जेवताना विचारलं, काय लिहिणार? तर म्हणाला, "आई, खरं लिहू की मार्कांचं लिहू?"

खरं काय ते सांग म्हटलं, तर ताट वाळेपर्यंत बोलत बसला. त्याच्या वर्गात एक मुलगा आहे, घरचे उत्तर प्रदेशातले, जन्म इथलाच, मराठी आपल्यासारखंच. त्याला कुणी गाव विचारलं की तो "पिंपरी" म्हणतो आणि पोरं हसतात. "2047 मध्ये तो पिंपरी म्हणाला की कुणी हसणार नाही, असं लिहिलं तर चालेल का?" मी म्हटलं, तेच लिही, पहिल्याच परिच्छेदात लिही.

रात्रभर माझंच जुनं आठवत राहिलं. 1998 च्या मे महिन्यात पोखरणच्या चाचण्या झाल्या तेव्हा आमचे दहावीचे सुट्टीतले वर्ग चालू होते. सरांनी भूमिती थांबवून विचारलं होतं, तुम्हाला काय वाटतं? एक मुलगी उठून म्हणाली, "अभिमान वाटतो, पण भीती पण वाटते." सरांनी दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले आणि पुसले नाहीत. पुढच्या वर्षी अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत उभं राहून आम्ही कारगिलच्या बातम्या वाचत होतो. एकविसावं शतक म्हणजे काहीतरी चकचकीत आपल्याकडे चालत येतंय, असं तेव्हा मनापासून वाटायचं.

तुमच्या वेळी कसं होतं? शिक्षक असाल तर आताची मुलं काय बोलतात तेही लिहा.

जुना_पेठकर
जून 1975, आणीबाणी लागली, मी नववीत. वडील सेवादलातले. पहाटे पोलीस आले, वडिलांनी चहा होईपर्यंत थांबायची परवानगी मागितली आणि त्यांनी दिली. मग नाशिकच्या तुरुंगात. शाळेत त्या वर्षी वीस कलमी कार्यक्रमावर निबंध स्पर्धा होती. मला भाग घ्यायला लावलं नाही, वर्गशिक्षिकेने नाव परस्पर गाळलं. त्या बाईंनी मला कधीही काहीही विचारलं नाही, फक्त फीची आठवण करायच्या यादीत माझं नाव कधी आलं नाही.

मार्च 77 मध्ये निवडणुकीचे निकाल रेडिओवर ऐकले. आमच्या वाड्यात एकच मोठा रेडिओ, सगळा वाडा जिन्यात बसलेला. सरकार म्हणजे देश नव्हे, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. तुमच्या मुलाला म्हणावं, खरंच लिही बाळा.

मोगरा७
ताट वाळेपर्यंत 😊 आमच्याकडे पण हेच. वाचतेय, कुकर लावून येते.

सीमावासी
बेळगाव. आमच्या वयाच्या मुलांना 'देशाचं भवितव्य' म्हटलं की आधी 'आपलं गाव कुठल्या राज्यात' हेच डोळ्यासमोर यायचं. 1986 च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं, मी आठवीत होतो. शाळा बंद, गल्लीत पोलीस, आई आम्हाला खिडकीपाशी जाऊ देत नव्हती. 1 नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि आमच्याकडे काळा दिवस, दंडाला काळी फीत. पुस्तक कर्नाटक सरकारचं, भाषा मराठी, आणि पहिल्या पानावर प्रतिज्ञा. सारे भारतीय माझे बांधव, हे म्हणताना समोरच्या कन्नड शाळेतली मुलं पण हेच म्हणत असतील, असा विचार मला तेव्हाही यायचा. पण बोलायचं कुणाशी?

महाराष्ट्रात जाणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. 2004 पासून सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. माझी मुलगी आता दहावीला, इंग्रजी माध्यम, मैत्रिणींशी फाडफाड कन्नड बोलते. तिला विचारलं तर म्हणाली, "बाबा, मला इंजिनिअरिंगला चांगलं कॉलेज कुठं मिळतंय ते सांगा, राज्य कुठलं का असेना." ऐकून आत तुटलं. तिचं म्हणणं पटतंही. आजीला मात्र ती अजून मराठीत पत्र लिहिते, ती सगळी पत्रं आम्ही जपून ठेवलीत.

मोगरा७
@सीमावासी, आजीला पत्र!! आमच्या घरात तर आजीच व्हॉट्सॲपवर. तुमच्या लेकीचं खूप कौतुक वाटलं.

माळावरचा_मास्तर
बीड जिल्हा. लहानपणी दिवाळी झाली की वर्ग अर्धा व्हायचा. आईबाप ऊस तोडायला साखर कारखान्याला निघायचे, ट्रकमध्ये भांडी, शेळी, पोरं. मुकादमाकडून उचल घेतलेली असायची, ती फिटेपर्यंत सुटका नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, असाच हिशेब. मी आजीपाशी राहिलो म्हणून शिकलो. धाकटी बहीण आईबरोबर गेली, कारण फडावर तान्ह्याला सांभाळायला कुणीतरी लागायचं. तिची शाळा सातवीतच सुटली.

आता मी त्याच भागात माध्यमिकला शिकवतो. गेल्या 26 जानेवारीला पाठ केलेली भाषणं बंद ठेवली आणि सांगितलं, तुम्हाला देश कसा पाहिजे ते एका ओळीत सांगा. एक नववीची मुलगी म्हणाली, "पटावर नाव असलेली सगळी पोरं दिवाळीनंतर पण वर्गात असतील, असा." पुढे बसलेले सरपंच मान खाली घालून ऐकत होते. त्या ओळीपुढे माझ्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पोरांचं वेगळं. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर पळतात, पोलीस भरतीची तयारी. सैन्यात जायचं वेड आधी जास्त होतं. 2022 मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली, चार वर्षांनी शंभरातले पंचवीसच राहणार म्हटल्यावर घरचे विचारायला लागले, बाकीच्यांनी पुढं काय करायचं? देशावर त्यांचं प्रेम आहे, त्यात मला तसूभर शंका नाही. पण त्यांच्यासाठी देश म्हणजे अंगावर वर्दी आणि घरात महिन्याचा पगार. त्यांना कुणी कोरडा उपदेश करू नये.

रानजाई
मास्तर, त्या मुलीचं वाक्य लेकाला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता.

शुभ्रा_परिचारिका
आमची बॅच डॉ. कलामांची. ते राष्ट्रपती असताना मी नववीत. 2020 मध्ये भारत विकसित देश होणार, हे आमच्या शाळेत प्रत्येकाच्या तोंडी होतं. भिंतीवर चार्ट, त्यात रॉकेट, धरण, हसणारा शेतकरी. खूप खूप विश्वास होता, आणि तो विश्वास दिला म्हणून मला अजूनही त्यांच्याबद्दल प्रेम आहे.

2020 आलं तेव्हा मी नाशिकला कोविड वॉर्डात होते. ड्युटी संपवून येताना मुंबई-आग्रा रस्त्यावरून माणसं चालत निघालेली दिसायची. डोक्यावर बोचकं, हातात मूल, जायचं पार उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशात. एका बाईच्या पायाला प्लॅस्टिकची बाटली चेपून दोरीने बांधलेली होती, चपलेच्या जागी. आम्ही सगळ्या जणींनी मिळून चपला गोळा केल्या मग. शाळेतल्या चार्टवर ही माणसं नव्हती. आताच्या मुलांच्या चार्टवर ती असावीत असं मला फार वाटतं. लिहिताना हात थांबतोय, नंतर येते.

जुना_पेठकर
शुभ्रा, तुम्हाला नमस्कार. जेवून घ्या वेळेवर.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितोय, शिक्षक आहे. आमच्याकडच्या दहावीच्या वर्गात देशाच्या भवितव्याची चर्चा पोर्तुगालच्या पासपोर्टवर येतेच. 19 डिसेंबर 1961 च्या आधी इथे जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं यांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. म्हणून आजोबांचा जन्मदाखला घराघरात जपलेला असतो. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणजे तिकडचं घेतलं की इकडचं गेलं. कितीतरी मुलांचे वडील आधीच इंग्लंडात, स्विंडनला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ती वाटही आता अवघड झाली.

एका मुलाने विचारलं, "सर, पासपोर्ट बदल्लो म्हूण गोंयकारपण वता?" (पासपोर्ट बदलला म्हणून गोवेकरपण जातं का?) वर्गात एकदम दोन तट पडले. मी मध्ये पडलो नाही. तास संपला तरी वाद चालू, पुढच्या तासाच्या बाई दारात उभ्या.

माझ्या आजोबांनी 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात फुलाला मत दिलं होतं, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने. आजीने दोन पानांना, म्हणजे गोवा वेगळाच राहावा म्हणून. दोघं त्यावर मरेपर्यंत भांडले आणि एकाच ताटात जेवले. माझ्या विद्यार्थ्यांना हा किस्सा फार आवडतो.

कापूसवेचा
आजी-आजोबा जबरदस्त. घरातच जनमत कौल 😄

परसातली_तुळस
न्यू जर्सीहून. मुलगी सोळाची, जन्म पुण्याचा, तीन वर्षांची असताना इथे आली. आमचं ग्रीन कार्ड रांगेत अडकलेलं. ती एच-फोरवर, म्हणजे आमच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे आणि एकवीस पूर्ण झाली की हा व्हिसा संपतो. मग विद्यार्थी व्हिसा काढा, नाहीतर परत जा. शाळेत सकाळी सगळे अमेरिकेच्या झेंड्याची शपथ घेतात. सक्ती नाही, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1943 मध्येच सांगितलंय. ही उभी राहते, पण ओठ हलवत नाही. रविवारच्या मराठी शाळेत आपलं राष्ट्रगीत म्हणते, त्यातला अर्थ मला विचारते.

परवा शाळेत 'तुमच्या देशाचं भविष्य' असा गटचर्चेचा विषय होता. घरी येऊन म्हणाली, "आई, मला दोन्हीकडचं बोलायचं होतं, पण 'तुमच्या' म्हटल्यावर कुठून सुरुवात करू कळेना." मी तिला जवळ घेतलं, दुसरं काही सुचलं नाही. तिला इथला कचरा वेगळा करण्याचा नियम आवडतो, तिथली गल्लीतली माणसं आवडतात. दोन्हींची काळजी करते. मला तिचा अभिमान आहे.

सीमावासी
ताई, आमच्या सीमाभागातल्या पोरांना हे लगेच कळेल. तिला बेळगावचा कुंदा पाठवतो, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कापूसवेचा
अवांतर: वर प्रतिज्ञेचा विषय निघालाय म्हणून. ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी 1962 मध्ये तेलुगूत लिहिली, ते आंध्रात सरकारी नोकरीत होते. हयातभर त्यांच्या वाट्याला फारसं श्रेय आलं नाही. शाळेत वर्षानुवर्षं हात पुढे करून म्हटली, पण कुणाची आहे ते कधी सांगितलं नाही कुणी. सांगायला हवं होतं, एवढं वाटून गेलं.

आणि हो, विदर्भातून आहे. आमच्या वर्गात दहावीला प्रश्न आला होता, वेगळा विदर्भ हवा का. निम्मे हो, निम्मे नाही, आणि मधल्या बाकावरची दोन पोरं म्हणाली, आधी कापसाला भाव. वडील चुकाऱ्यासाठी जिनिंगच्या दारात बैलगाडी लावून रात्र काढायचे, मी डबा घेऊन जायचो. त्या पोरांच्या बाजूने आहे मी अजूनही.

मोगरा७
@मास्तर, तुमच्या शाळेला पुस्तकं पाठवायची आहेत. आमच्या सोसायटीत गोळा करू. काय वयोगट, काय विषय?

माळावरचा_मास्तर
ताई, गोष्टीची पुस्तकं आहेत बऱ्यापैकी. नकाशे नाहीत. भारताचा मोठा, भिंतीवर लावायचा, मराठीतला मिळाला तर फार बरं. जिल्ह्यांसकट असलेला. पोरं आईबाप कुठल्या कारखान्याला गेलेत ते बोट ठेवून दाखवतात. कोल्हापूर, सांगली, काही पार कर्नाटकात. आमच्या जुन्या नकाशाचा तो भाग बोटांनी झिजून गेलाय.

सीमावासी
कर्नाटकातले कुठले कारखाने? आमच्या बाजूचे असतील तर फडावर चक्कर मारून पोरांना निरोप आणून देतो.

माळावरचा_मास्तर
निपाणी, चिकोडीकडचे बरेच. यादी करून उद्या टाकतो.

मोगरा७
नकाशा मी बघते. लॅमिनेशन करूनच पाठवते. भिंतीला ओल येते का तुमच्याकडे पावसात?

माळावरचा_मास्तर
उत्तरेच्या भिंतीला येते. पट्ट्या आणि दोरी लावून पाठवा, म्हणजे खिळ्याला टांगू.